तोकिएसानच्या चोवीस काठ्या

आमच्या हिरानुमाच्या बुलेट ट्रेन स्टेशनचं दार पूर्वेला आहे. ते तिथे कसं आलं हे सांगताना माझीच शोभा होते, तरी सांगतो.

तोकिए कुराशिमा, म्हणजे आमच्या तोकिएसान (आमच्याकडे आदराने नावापुढे 'सान' लावतात), एकतीस वर्षं रस्त्याकडेला काठ्या रोवायच्या. लाल-पांढऱ्या, उंच काठ्या. बर्फाखाली रस्ता गडप झाला की बर्फ हटवणाऱ्या गाड्या त्यांच्याच अंदाजाने चालतात. त्यांची एकुलती एक मुलगी चिनात्सु टोकियोत नोकरीला. डिसेंबरात घाटरस्ता बंद व्हायचा, त्यामुळे सात वर्षांत ती नववर्षाला घरी आली नव्हती. स्टेशन होणार हे कळल्यावर तोकिएसाननी त्याच दिवशी तिची गादी उन्हात टाकली. गाडी यायला अजून पाच-सहा वर्षं होती.

आराखडा दाखवायला नगरपालिकेत बैठक भरली. मी तिथला कारकून, माईक माझ्याकडे. आमच्याकडे अशा बैठकीत कुणी बोलत नाही. मान खाली घालून ऐकायचं आणि घरी जाऊन कुरकुरायचं, ही रीत. मी "काही शंका?" असं विचारून माईक बंद करणार, एवढ्यात तोकिएसान उठल्या.

"दार पश्चिमेला ठेवलंत तर जानेवारीत वाऱ्याने तिथे साठलेला बर्फ माझ्या डोक्यावरून जाईल. माणसं काय खिडकीतून उतरवणार?"

"कुराशिमासान, वीस वर्षांच्या नोंदी बघितल्यात," इंजिनिअर इगाराशीसाहेब नम्रपणे म्हणाले. "या गावात बर्फ कमरेच्या वर गेलेलाच नाही."

"नोंदी कुणाच्या?"

"नगरपालिकेच्या. मागच्या आवारातल्या मोजपट्टीवरच्या."

तोकिएसान माझ्याकडे वळल्या. "काय रे सोहेई, त्या मोजपट्टीभोवतीचा बर्फ रोज सकाळी कोण काढतं?"

मीच काढायचो. बाहेरचे पाहुणे येतात, आवार नीटनेटकं दिसावं म्हणून. माझ्या आधीचा कारकूनही काढायचा, त्यानेच मला शिकवलं होतं. मोजपट्टीचा बर्फ मोजायचा असतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्या सभागृहात लोक खो-खो हसले आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

इगाराशीसाहेब मात्र हसले नाहीत. "आराखडा पक्का व्हायला एप्रिल उजाडेल," ते म्हणाले. "तोवर दाखवून द्या."

कापणी झालेल्या भातशेतात, स्टेशनच्या जागेभोवती तोकिएसाननी चोवीस काठ्या रोवल्या. दर सोमवारी त्या माप वाचायच्या आणि मी वहीत लिहायचो. फावड्याला हात लावायची मला सक्त मनाई होती.

फेब्रुवारीत साहेब स्वतः आले. पूर्वेला बर्फ मांडीपर्यंत होता. पश्चिमेला ते चढ चढून बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिले.

"या बाजूच्या काठ्या कुठायत?"

"तुम्ही त्यांच्यावर उभे आहात," तोकिएसान म्हणाल्या.

साहेबांनी टोपी काढली आणि तिथेच कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. मला इतका आनंद झाला की मी वहीत त्या दिवसाचं माप लिहायलाच विसरलो. एप्रिलमध्ये नवा आराखडा आला, तेव्हा दार पूर्वेला होतं.

स्टेशन सुरू झालं त्या वर्षी तीस डिसेंबरला तुफान बर्फ पडला. घाट बंद, विमानं बंद. स्टेशनची पश्चिमेकडची भिंत छपरापर्यंत बुजली. गाडी मात्र ठरलेल्या मिनिटाला आली. तोकिएसान तासभर आधीपासून दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या सोबतीला म्हणून मीही.

चिनात्सु बॅग ओढत बाहेर आली. पायात शहरी, पातळ बूट. तिने समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघितलं.

"आई, फोनवर एवढं सांगत होतीस, बर्फ कुठंय?"

"मागच्या बाजूला ठेवलाय. जेवलीस की दाखवते."

मग तोकिएसान हळूच खाली वाकल्या आणि लेकीच्या बुटांना हात लावून बघितला. बूट कोरडे होते.