मिरच्यांची धुरी

इस्त्रीवाल्या काकूंच्या परसात घुशींनी इतकी बिळं केली होती, की दोरीवरचे कपडे काढायला गेलं तर पाय घोट्यापर्यंत आत जाई. तेवढं काकूंनी चालवून घेतलं. पण बिळं मागच्या खोलीच्या भिंतीखाली शिरली, भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली, आणि नवरा म्हणाला, "ती खोली गेली की अक्काला आश्रमात ठेवायची. दुसरी जागा आहे कुठे?"

अक्का ही त्याची थोरली बहीण. कमरेखाली लुळी, त्यात दमा. काकूंना लग्नानंतर इस्त्री धरायला तिनेच शिकवलं होतं. आता काकू तिचं सगळं करत, आणि दोघी दिवसभर एकमेकींवर खेकसत. त्यावाचून दोघींनाही करमत नसे.

"धाकटे, माझ्या कॉटखाली कुणीतरी खरवडतंय गं."

"तुम्हाला मागणी घालायला आलं असेल."

"मग मेल्याला दारातून यायला सांग."

पिंजरा लावला, तर घूस तो उपडा करून खोबरं घेऊन गेली. बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं, बीळ भरेना. विष नको होतं. भिंतीखाली मेली तर वास अक्कालाच. शेवटी शेजारचे नळवाले म्हणाले, "काकू, मिरच्यांची धुरी द्या. दोन तोंडं ठेवा, बाकीची बुजवा. एकातून धूर सोडा, दुसऱ्याशी दांडकं घेऊन बसा."

काकूंनी काचा आणि चिखल घालून बिळं बुजवली. अक्काच्या खोलीची खिडकी लावली, फटींत जुन्या साडीचे बोळे कोंबले. "धूर लागायला नको तुम्हाला. जरा कळ काढा," म्हणत दारही घट्ट ओढून घेतलं. मग इस्त्रीतले निखारे मडक्यात घेऊन त्यांवर मिरच्या टाकल्या आणि मडकं बिळाच्या तोंडाशी आडवं धरून सुपाने वारा घातला.

दुसऱ्या तोंडातून घूसही येईना, धूरही येईना. एवढा धूर गिळतंय म्हणजे बीळ मोठं असणार, म्हणून काकूंनी आणखी मूठभर मिरच्या टाकल्या.

आतून पेला आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. काकूंनी धावत जाऊन दार उघडलं. कॉटखालची फरशी उचकटली होती आणि तिथून धूर वर येत होता. अक्काला ओरडायलाही श्वास उरला नव्हता.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी अक्काने नाकावरचा मास्क बाजूला केला.

"दार तू लावलंस. बोळेही तूच कोंबलेस."

"तुम्हाला धूर लागू नये म्हणून, अक्का!"

"जड झाले होते तर तोंडाने सांगायचंस. गेले असते मी."

"अहो, तुम्ही तरी सांगा ना यांना," काकू नवऱ्याकडे वळल्या.

तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "आश्रमात जागा आहे. मी विचारून ठेवलंय."

"हो. तिकडेच ने मला," अक्का म्हणाली.

मग ती जरा अस्वस्थ हलली. काकूंना लगेच कळलं. त्या खाटेखालचं भांडं घ्यायला वाकल्या.

"तू नको," अक्का म्हणाली. "सिस्टरना बोलाव."