पार्बताआत्याचा ठसा

दुपारी जेवायला उठण्याआधी पार्बताआत्या तांदळाच्या प्रत्येक उघड्या पोत्यावरून तळहात फिरवायची आणि राखेत बुडवलेला लाकडी ठसा त्यावर दाबायची. खळ्यावर धानाच्या राशीला मारतात, तसला; कोणी मूठभर जरी काढलं तरी मोडणारा. ठसा उमटेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत उभं. आमगावच्या बाजारातलं हे दुकान विधवा आत्यानं एकटीनं उभं केलं होतं. मॅट्रिक होऊन मी तिच्या हाताखाली बसलो, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. पण कुलपं, कड्या बाजारात मिळत होत्या. आमच्या मागच्या दाराला मात्र साधी कडीही नव्हती.

"आत्या, कडी लावू?"

"कायले? ठसा हाये ना!"

आणि हा ठसा ती ठेवायची कुठं? पोत्यांच्या वरच, भिंतीतल्या खिळ्याला! पहिल्याच आठवड्यात मी म्हणालो, "निदान ठसा तरी आत घेऊन जा." ती हसली. "ठसा चोरून कोणाचं पोट भरते, बाबू?" यावर कपाळ बडवून घेण्यापलीकडे मी काय करणार? तशी ती कंजूष नव्हती. बाळंतिणीच्या घरी न मागता गूळ पाठवायची. फक्त आपलं चुकू शकतं, हे तिला मान्य नव्हतं.

पुढं तांदूळ कमी पडू लागला. पोत्याचं बूड लवकर दिसायचं, ठसे मात्र जसेच्या तसे. आत्यानं अर्थ काढला तो असा: ठसा मोडला नाही, म्हणजे चोर बाहेरचा नाही, मापणाराच नेतो. मापायला बुधराम होता, वीस वर्षांपासूनचा. भर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांसमोर तिनं त्याला पंचा झाडायला लावला. एक दाणा पडला नाही. "तरी उद्यापासून येऊ नको," ती म्हणाली. तो उठला आणि गोंदियाला तांदळाच्या गिरणीत पोती उचलायला लागला. मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही.

तांदूळ त्यानंतरही कमी होतच राहिला. एका दुपारी आत्या जेवत असताना मी पायलीभर तांदूळ काढला, हात फिरवला आणि खिळ्यावरचा ठसा मारला. ती परतली, पोती न्याहाळली, समाधानानं बसली. मी पायली तिच्यापुढं ठेवली. "हे आत्ता काढले. कळलं तुला?"

तिनं पायली परत पोत्यात ओतली. मग दोरी शोधली आणि ठसा कमरेला बांधला. मागच्या दाराला कडी बसली. चोरी थांबली, चोर कोण, ते कधीच कळलं नाही.

बुधरामला बोलाव म्हणून मी रोज तिच्या मागं लागलो. शेवटी वैतागून तिला गोंदियाला घेऊनच गेलो. गिरणीच्या फाटकाशी ती म्हणाली, "काऊन रे, इथं मरून राहिला? चाल घरी."

बुधराम जागचा हलला नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. 'माझं चुकलं' एवढंच त्याला ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं. तिच्या तोंडून ते निघालं नाही. "नाई जी बाई, इथंच बरं हाये," तो म्हणाला. परतीच्या गाडीत मी तिच्याकडं पाठ करून बसलो.

आत्या गेली तेव्हा बुधराम खांदा द्यायला आला. घाटावरून परतताना मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, "बाबू, बाई कधी काही बोलली का जी, माह्याबद्दल?"

"बोलली. चुकलं म्हणाली."

त्यानं पंच्यानं डोळे पुसले. तिनं बोलायचं ते मला बोलावं लागलं, तेही खोटं. आत्याचा इतका राग मला कधीच आला नव्हता.