ताग गाडायला धामणगाव बढेला

"ताग फुलावर येऊन राह्यला, अन् हे कापू देईनात. तू ये बाई," कांताचा फोन आला आणि मी दुसऱ्या दिवशी नाशिकहून सकाळची गाडी पकडली. नर्सिंगच्या ट्रेनिंगपासूनची ही मैत्रीण. रिटायर होऊन धामणगाव बढेला राहायला गेलेली.

मलकापूरला उतरलं की पुढे बस आहे, पण वेळेचा भरवसा धरू नका. काळी-पिवळी जीप भरली की निघते, भाडंही फार नाही. खड्डे सोसायची तयारी ठेवा. दोन्ही बाजूंना कपाशी बघत वेळ जातो.

कांताच्या घरामागे अर्धा गुंठा जागा. बांधकामात मुरूम पडून ती इतकी कडक झाली, की गेल्या वर्षीची वांगी खुरटलीच. म्हणून यंदा भाजीआधी ताग पेरला. दीड महिन्यात कमरेइतका वाढतो. कोवळा असतानाच कापून मातीत गाडायचा. कुजला की जमीन भुसभुशीत होते.

बी फेकलं होतं तिच्या नवऱ्याने, देविदासभाऊंनी. दोन वर्षांपूर्वी लकव्याने उजवा हात गेल्यापासून ते कशालाच हात लावत नव्हते, की कोणावर चिडत नव्हते. हे एवढं मात्र डाव्या हाताने केलं. आता रोज खुर्ची टाकून त्या हिरव्यागार तागाकडे बघत बसत.

"काऊन कापतं वं? एवढं एकच तं माह्या हातानं झालं," ते म्हणाले.

"दांडे कडक झाले तं लवकर कुजणार नाही. मंग भाजी कवा लावायची?"

त्यांनी खुर्ची तागाकडे आणखी सरकवली. रात्री भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत झकास होतं.

सकाळी उठले तर देविदासभाऊ तागात उभे, डाव्या हातात विळा. "मुठीत धरून दे," ते कांताला म्हणाले, "मीच कापतो."

ती दांडे धरी, ते विळा ओढत. मी कुदळीने चर खणून कापलेला ताग त्यात दाबत होते. ते मध्येच ओरडले, "बूड धर बूड, शेंडा काय धरतं!" संध्याकाळपर्यंत सगळा ताग मातीखाली गेला. ते बराच वेळ तिथेच उभे होते.

मी नाशिकला परतले तेव्हा तळहातांना फोड होते. तीन आठवड्यांनी कांताचा फोन.

"रोपं आणून ठेवली, तं लावू देत नाहीत. रोज माती हुंगतात अन् म्हणतात, अजून कुजला नाही."

मागून त्यांचा अडखळता, चढा आवाज मला उद्देशून आला, "तिले सांग, आठ दिस थांब म्हणा!"

"ऐकलं ना?" कांता म्हणाली. "दोन वर्षांनी मले कोणी रागावून राह्यलं."