मामाच्या बाटलीतला उजेड

गोंदिया जिल्ह्यात भीतीचे जेवढे पीक येते, त्यातला निम्मा वाटा एकटे आमचे मेहुणे उचलतात. कुडव्याहून कॉलेजात जाताना ते स्कूटीवर हेल्मेट घालतात हे ठीक, पण पंक्चर झालेली स्कूटी ढकलत नेतानाही घालतात. देवरीची बस ब्रेक मारते म्हणून भितात आणि मारत नाही म्हणूनही भितात. नवेगाव बांधला आम्ही सगळे नावेत बसलो, तेव्हा हे काठावर आमच्या चपला राखत रामनाम घेत उभे होते. पण सगळ्यात मोठी भीती डॉक्टरांची. दवाखान्याची पाटी दिसली की रस्ता ओलांडतात. कंबरेतून कळ निघून घामाने डबडबले तरी म्हणणार, "काही नाही जवाईबापू, गॅस फिरून राहिला."

असा माणूस रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक कसा झाला, देव जाणे. तिथल्या एका प्राध्यापकांनी निवृत्त होताना त्यांना एक रसायन करायला शिकवले. लघवीच्या नमुन्यात त्याचे दोन थेंब टाकायचे आणि अंधारात जांभळ्या उजेडाची बॅटरी मारायची. सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल असेल तर बाटली हिरवी चमकते. निरोगी माणसापेक्षा जास्त चमकली, तर मुतखड्याची शंका. सुई नाही, डॉक्टर नाही, मेहुण्यांना कुलदैवतच भेटले! लग्नाला आले तरी खिशात रिकाम्या बाटल्या. एकदा तर वरमाय जेवायचा आग्रह करायला आली, तिच्याच हातात त्यांनी बाटली ठेवली. तुलनेसाठी निरोगी माणसाचा नमुना लागतो, तो ते स्वतःचा ठेवत. "रोज पाहतो, रोज तेवढीच चमकते. म्हणजे तब्येत फर्स्ट क्लास." बाकी आम्हा सगळ्यांच्या बाटल्या काळ्याठिक्कर. "तुमच्यात दमच नाही जी, डाळ खात जा," असे म्हणून ते आमची कीव करत, आणि मीही घाबरून महिनाभर डाळ ओरपली.

मग माझ्या नऊ वर्षांच्या चिंगीच्या कुशीत कळा येऊ लागल्या. बायको म्हणाली डॉक्टरकडे चला, तिचे दादा म्हणाले आधी बाटली. प्रयोगशाळेचे पडदे ओढले, बॅटरी लागली, आणि चिंगीची बाटली मामाच्या बाटलीएवढीच लखलखली. मेहुणे आनंदाने ओरडले, "कायले घाबरून राहिले? पोरगी माह्यावर गेली!" आम्ही निर्धास्त घरी आलो. चार दिवसांनी पोर गडाबडा लोळू लागली. शेवटी दवाखाना गाठला. खडा निघाला, तोही त्याच आम्लाचा. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येते, घरात आणखी कोणाला आहे का?

मी प्रयोगशाळेत जाऊन मेहुण्यांना हे सांगितले. त्यांनी पडदे ओढले आणि घरातल्या सगळ्यांच्या बाटल्या ओळीने मांडल्या. पाच काळ्या आणि दोनच हिरव्या. ते स्टुलावर मटकन बसले. "जवाईबापू, आजारी मीच होतो. अन् माह्याच मापानं मी पोरीले बरी म्हटलं." मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच गळून गेला. दुसऱ्या दिवशी हा माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात आला. चिंगी सोनोग्राफीला घाबरत होती, म्हणून आधी स्वतः टेबलावर आडवा झाला. तोंडात रामनाम होते, पण मध्येच तिला म्हणत होता, "माह्याकडे पाय, काही होत नाही."

आता मामा-भाची दिवसभर पाणी पितात. एकमेकांना फोन करून किती तांबे झाले ते विचारतात. महिन्यातून एकदा पडदे ओढले जातात आणि मेहुणे हक्काने म्हणतात, "जवाईबापू, तुमची बाटली आणा, निरोगी आता तुम्हीच." माझी काळी बाटली मध्ये, तिच्या दोन बाजूंना दोन हिरव्या. "मामा, माही आज कमी चमकून राहिली," चिंगी म्हणते, आणि मेहुणे हसतात. पूर्वी ते इतके हसत नसत. मी मात्र बॅटरी विझेपर्यंत श्वास रोखून उभा असतो. त्यांचा भीतीचा तो निम्मा वाटा आता माझ्याकडे आला आहे.