पनवेलच्या हवेत लिमलेटच्या गोळ्या

बार्शीच्या एसटी स्टँडवर आईनं मला निरोप दिला तो एका सूचनेनं. "रडू नगंस, गाडीत मळमळतं." २००४ सालचा मे महिना होता. ह्यांना पनवेलला नोकरी लागली होती आणि आमचं सामान टेम्पोनं आधीच पुढे गेलं होतं. मी रडले नाही. मळमळलं मात्र, ते घाटात. हे लिहिते आहे ते बार्शीत मागे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. दोघांनाही वाटतं, दुसऱ्याचं बरं चाललंय.

पनवेलबद्दल माझी तक्रार नव्हती. बाजाराजवळ दोन खोल्या मिळाल्या, मी ब्लाउज शिवायला लागले, मासळीचा वास सहा महिन्यांत नाकाला कळेनासा झाला. रिक्षावाल्याशी हिंदीत भांडता येऊ लागलं, तेव्हा वाटलं, रुळलो आपण.

तिसऱ्या वर्षी जुलैत माझ्या भावाला, दत्ताला, मुलगी झाली. बारशाला घुगऱ्या सगळेच वाटतात, पण आमच्या घरात त्यांच्याबरोबर लिमलेटच्या गोळ्याही लागतात, आणि त्या आत्याच्या हातच्या. गोळ्या जिच्या हातच्या, तीच बाळाच्या कानात नाव सांगते. माझ्या बारशापासून तरी हे असंच चालत आलंय.

दत्ताचा फोन आला. "आक्का, तू कशाला दगदग करतीस? सुनंदा करंल गोळ्या. तू नुसती ये." सुनंदा आमची चुलत बहीण, चार घरं सोडून राहणारी. दत्ताच्या मनात वाईट काही नव्हतं. तोच तर त्रास होता. लांब गेलेल्या माणसाची जागा अशी काळजीपोटीच दुसऱ्याला दिली जाते. मी म्हटलं, गोळ्या मी आणणार. हातात नऊ दिवस होते.

आईच्या रीतीनं सुरुवात केली. साखर, पाणी आणि पहिल्यापासून लिंबाचा रस. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की कट्‌कन मोडला पाहिजे. मग तूप लावलेल्या ताटात ओतायचं, गरम असतानाच सुरीनं चौकोन पाडायचे, आणि शेवटी सुपात पसरून, वर पातळ फडकं टाकून, दिवसभर खिडकीत ठेवायचं. ह्याला आम्ही हवा दाखवणं म्हणतो. बार्शीत त्या हवेनं गोळी काचेसारखी होते. इथं संध्याकाळपर्यंत गोळ्यांना पाझर फुटला आणि सकाळी सुपाला चिकटलेली एकच मोठी वडी हाती आली.

दुसऱ्यांदा पाक जास्त कढवला. तेच झालं, वर मुंग्या. आईला फोन केला, तर तिचा एकच प्रश्न : "हवा नीट दाखवलीस का?" म्हणून तिसऱ्या वेळी सूप दिवसभर पंख्याखाली ठेवलं. आता आठवलं की हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं. ह्यांनी चिकट ढेकूळ चघळत म्हटलं, बाजारातल्या आणू, कुणाला कळणार आहे? मला कळलं असतं.

खालच्या मजल्यावरच्या सायराभाभी ब्लाउज न्यायला आल्या. त्यांचे मालक कुवेतला असत. सुपाकडे बघून विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्या मनापासून हसल्या. "वहिनी, हवा कुणाला दाखवताय? इथली हवा मिठाला सोडत नाही, साखरेला काय सोडणार? चीज तयार झाली की लगेच लपवायची."

मी लिंबू कधी घालते, तेही त्यांनी विचारलं. पहिल्यापासून शिजवलं की साखर जास्त चिकटते, उतरवल्यावर घाला म्हणाल्या. त्या सरबताचा पाक तसाच करत. जाऊन एक डबा घेऊन आल्या, कुवेतहून आलेला, दूध पावडरचा, घट्ट झाकणाचा.

मला क्षणभर राग आला. आईची रीत चुकीची म्हणायची? पण ती चुकीची नव्हतीच. ती बार्शीच्या हवेसाठी होती. मी रीत बरोबर आणली होती, हवा तिकडेच राहिली होती.

चौथ्या वेळी लिंबू बाजूला ठेवलं. लिंबू आधी न घातल्यामुळे पाक दाणेदार होईल ही भीती होती, म्हणून उकळी आल्यावर पळी लावलीच नाही. पाकाला फिकट मधाचा रंग आला, तेव्हा भांडं उतरवलं आणि रस घातला. गोळ्या गार होताच पिठीसाखरेत घोळवून डब्यात टाकल्या. दोन दिवसांनी डबा हलवला. आत खडखडलं.

बारशाला पोहोचले, तर सुनंदा गोळ्यांचं ताट झाकून तयार होती. असू दे आपल्या, म्हणाली. आईनं माझा डबा उघडला, एक गोळी दाढेखाली फोडली.

"आंबट चांगली लागतीया. लिंबू कवा घातलंस?"

"पाक उतरवल्यावर. आमच्याकडं तसंच करावं लागतं."

"आमच्याकडं म्हंजी?" सुनंदानं विचारलं.

"पनवेलला."

मी आईकडे बघितलं. तिला लागलं असावं असं वाटलं. तिनं दुसरी गोळी तोंडात टाकली. "सुनंदे, तुझं ताट घुगऱ्यांपाशी ठेव. आणि सर तिकडं, आत्याला पाळण्यापाशी येऊ दे." बाळाच्या कानात नाव मी सांगितलं.

आता आम्ही पनवेलजवळच विचुंब्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. गाव सुटलं म्हणून हळहळत बसायला मला वेळ मिळाला नाही, आणि तशी गरजही वाटली नाही. जिथं माझ्यासाठी जागा राखली जाते ते एक घर, आणि जिथल्या हवेप्रमाणे मी पाक बदलला ते दुसरं. दोन घरं असणं हे काही दुःख नाही, काम जरा वाढतं इतकंच.

गेल्या वर्षी सुनंदाची मुलगी लग्न होऊन रत्नागिरीला गेली. परवा तिचा फोन आला. रडवेली झाली होती. "मावशी, गोळ्या चिकटल्या. आईच्या रीतीनंच केल्या होत्या गं."

मी म्हटलं, "रडणं नंतर. आधी सांग, तिथं धुणं वाळायला किती वेळ लागतो?"