घसरून पडले

आमच्या इस्पितळात सायकलवाल्यांना कधी कोणी धडक देत नाही. ते आपले आपणच पडतात. निदान केसपेपरवर तरी.

माझं काम कोडिंगचं. पेशंट घरी गेला की त्याची फाइल माझ्या टेबलावर येते. कुठलं हाड मोडलं याचा एक कोड, कशामुळे मोडलं याचा दुसरा. सायकलवाल्याला मोटारीने उडवलं तर वेगळा, तो स्वतः पडला तर वेगळा. कागदावर असेल तेवढंच घ्यायचं, मनाचं काही घालायचं नाही. हा नियम मी नव्या मुलींना मोठ्या तोऱ्यात शिकवते.

पण कागदावर खरं येतच नाही. गाडीने उडवलं म्हटलं की पोलीस केस. गाडी पर्यटकाची, आणि पर्यटक उतरलेला आपल्याच कुणा चुलत्याच्या होमस्टेवर. मग त्याच्याच घरच्या ओटीवर बसून सगळं मिटवतात आणि जखमी माणूस डॉक्टरांना सांगतो, घसरून पडलो. मला हे ठाऊक होतं. मी मनातल्या मनात चिडायचे आणि कोड टाकून मोकळी व्हायचे.

मग माझे वडील पडले. दिवेआगरात ते सायकलवरून होमस्टेंना शहाळी पोचवतात. सुरूच्या बनाजवळच्या वळणावर त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. खड्ड्यात घसरलो, म्हणाले. मी घरी गेले तर सायकल पडवीत उभी होती, मडगार्ड चेपलेलं आणि त्यावर पांढरा रंग घासलेला. खड्ड्याला पांढरा रंग नसतो.

"कुणाची गाडी होती?"

"पावन्याची. गप ऱ्हा तू. उद्या त्यांच्याच दारात शहाळी घेऊन जायाचं हाय मला."

आठवड्याने त्यांची फाइल माझ्यासमोर आली. 'सायकलवरून घसरून पडले.' शंका असली तर डॉक्टरांना लेखी विचारायला आमच्याकडे एक पिवळा कागद असतो. डावं की उजवं लिहायचं राहिलं तरी मी तो पाठवते. त्या दिवशी पाठवला नाही. पडल्याचा कोड टाकला, फाइल बंद केली. माझी मलाच लाज वाटली.

त्यानंतर कशात लक्ष लागेना. जेवता जेवता उठायचे, पडवीत जाऊन तो रंग नखाने खरवडून बघायचे.

महिन्याभराने गावाच्या अर्जाला बांधकाम खात्याचं उत्तर आलं. त्या वळणावर गतिरोधक मागितला होता. वडिलांनी फोनवर आलेला त्या पत्राचा फोटो मला वाचून दाखवला, एक हात अजून झोळीत. इस्पितळाच्या नोंदींत सदर ठिकाणी वाहनाच्या धडकेने कोणी जखमी झाल्याचे आढळत नाही, सबब तूर्त गरज दिसत नाही.

"बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "आमी सगळे पडलेलेच."

त्या नोंदी माझ्या होत्या. एकेक कोड मी टाकलेला.

"सोमवारपासून सायकल काढतो," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी कामावर पोचताच मी पिवळा कागद काढला. फाइल नंबर टाकला. 'पेशंटला हकिकत पुन्हा विचारावी. सायकलच्या मडगार्डवर मोटारीचा पांढरा रंग आहे.' हे तुम्हाला कसं माहीत, असं डॉक्टर विचारणारच. म्हणून सहीखाली, जिथे मी एरवी हुद्दा लिहिते, तिथे लिहिलं, पेशंटची मुलगी.