उत्तन, जिल्हा ठाणे

अर्जात एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हा माझा जुना हट्ट. मालाडच्या एका शाळेत कारकुनी करता करता जडलेला. तो अंगाशी आला, पण माझ्या नाही, दुसरीच्या.

मढची क्लारा दर सहा महिन्यांनी माझ्याकडे व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज लिहून घ्यायला यायची. तिचा बाप मढचाच, पण फाळणीआधी कराचीच्या गोदीत नोकरीला गेला आणि तिथेच राहिला. क्लारा फाळणीनंतर जन्मली, म्हणून पासपोर्ट पाकिस्तानचा. अठ्ठ्याहत्तर साली मढच्या कॉस्मसशी लग्न करून ती बापाच्या गावात आली. गावच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, आमच्या सासवांची बोली आता हिच्याच तोंडात उरलीय. नवरा भारतीय, लेक विनी भारतीय, आणि ही बाई सहा-सहा महिन्यांच्या शिक्क्यावर संसार करत होती. नागरिकत्वाचा अर्ज कुठल्याशा टेबलावर चार वर्षं पडलेला. माझं डोकं फिरायचं. डोकं फिरलं की मी आणखी सुबक अक्षर काढायचो. कारकून दुसरं काय करणार?

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती आली ती हसतच. कॉस्मसच्या भाचीचं उत्तनला लग्न झालं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीसाठी पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या पाण्याची कळशी क्लाराच्या डोक्यावर दिली होती.

"कराचीवालीला मान दिला, मास्तर! सात वरसांत पयल्यांदा!" ती मला मास्तरच म्हणायची.

लिहिता लिहिता रकाना आला : या मुदतीत अन्यत्र मुक्काम केला असल्यास ठिकाण.

"उत्तनला, दोन राती," ती म्हणाली.

मी लिहिलं, 'मौजे उत्तन, जिल्हा ठाणे.'

जिल्हा तिने सांगितला नव्हता. तिच्या लेखी मढ, मनोरी, गोराई, उत्तन ही एकाच अंगणातली घरं. जिल्हा मला ठाऊक होता. तिचा व्हिसा फक्त बृहन्मुंबईपुरता, हेही मीच दर अर्जात लिहीत होतो. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नाही. अक्षर मात्र झकास आलं होतं.

महिन्याभरात नोटीस आली. परवानगीवाचून हद्द ओलांडली, मुदतवाढ नाही, पंधरा दिवसांत देश सोडा.

त्या पंधरा दिवसांत माझा पाय घरात ठरला नाही. कॉस्मसला घेऊन कचेरीत तीनदा गेलो, चर्चच्या फादरांचं पत्र नेलं, लग्नपत्रिका नेली. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या साहेबाने माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. "हे खोटं आहे का?" खोटं नव्हतं. कॉस्मस बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला 'नाही म्हणाले' एवढंच सांगितलं.

जायच्या आदल्या दिवशी क्लारा विनीला घेऊन शाळेत आली. विनीचा पासपोर्ट नव्हता, काढायला वेळही नव्हता, म्हणून ती बापाकडेच राहणार होती. पोर माझ्या टेबलावरचा शिक्का स्वतःच्या हातावर उमटवत बसली.

"माजाच त्वांड फाटका, मास्तर," क्लारा म्हणाली. "उत्तनचा नाव काडला नसता तं!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. जिल्हा माझा होता, बाई, तुझा नव्हे. मी तिला पाणी विचारलं. भेकड माणूस.

वर्ष गेलं. जेवताना, हजेरीपट भरताना, कुठेही असलो तरी ते दोन शब्द डोळ्यांपुढे यायचे. शेवटी एका रविवारी उठलो आणि मढची बस धरली. कॉस्मस दारात जाळं सांधत होता. बाजूला विनी वही घेऊन बसलेली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, एका दमात. तो जाळं टाकून अंगावर आला असता तर बरं वाटलं असतं.

तो सांधत राहिला. मग म्हणाला, "अर्ज खिडकीत मीच दिला, मास्तर. द्यायच्या आदी वाचला व्हता. माज्या बहिनीच्या गावाचा नाव एवड्या बेस अक्षरात बगून मना बरा वाटला."

आत जाऊन त्याने विनीच्या पासपोर्टचा अर्ज आणला आणि माझ्यापुढे ठेवला. पेन माझ्या खिशातच होतं.